लपवलेली व्यक्ती

रामहरीला नवीन काही दिसलं की धीर धरवत नाही. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, ही म्हण आमच्या धंद्यात रोज बघायला मिळते. माझ्या वाट्याला ती लग्नानंतरही आली. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, मनात मात्र एकेरीच चालतं. भूमच्या एसटी स्टँडसमोर जिना चढून गेलं की आमचा फोटो स्टुडिओ आहे. तो लग्नाचे फोटो काढतो आणि मी लॅपटॉपवर बसून ते निवडते, उजळते, अल्बम लावते. लॅपटॉप कित्येक महिने सांगत होता की माझी सिस्टीम जुनी झाली, नवी टाका. मी रोज 'नंतर' दाबत होते. चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची?

त्या दिवशी घरचं आवरून स्टुडिओत पोचले, तर रामहरीनं 'आत्ता' दाबून टाकलं होतं. पडदा निळा झाला होता आणि त्यावर चक्क मराठीत अक्षरं होती: 'नमस्कार. आम्ही तुमच्यासाठी सगळं तयार करत आहोत. कृपया बंद करू नका.'

"हे आम्ही म्हणजे कोण?" मी विचारलं.

"कंपनीवाले. दुसरं कोण?"

"आपल्या दुकानात बसून काय तयार करायलेत, ते तरी विचारायचं."

"अगं, करून तर बघू. न्हायच जमलं तर मागं जाता येतंय," तो म्हणाला आणि हौसेनं खुर्ची ओढून पडद्यापुढं बसला.

घाई उमाशंकर नावाच्या गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या अल्बमसाठी होती. आमच्याकडं लग्न लागलं म्हणजे संपलं असं नसतं. नंतर भावकीतली माणसं स्टुडिओत येतात, मोठ्या टीव्हीसमोर बसतात आणि कुणाचा फोटो कुठल्या पानावर हे ठरवतात. एखाद्या आत्याचा नवरा राहून गेला तर तो पुढच्या लग्नाला पाय ठेवत नाही. आणि घरातलं मोठं माणूस वारलेलं असेल तर त्याला दुसऱ्या एखाद्या लग्नातल्या फोटोतून उचलून नवरा-नवरीच्या मागं उभं करायचं. हे काम मी अनेकदा केलंय. पाय कापायचे, सावली लावायची, चेहऱ्यावरचा उजेड जुळवायचा. उमाशंकरचे वडील, सगळे त्यांना दादा म्हणायचे, गेल्या वर्षी गेले. हसरे दादा हवे होते. नव्या सिस्टीमला चेहरे ओळखता येतात असं रामहरीनं कुठंतरी ऐकलं होतं, म्हणून मागच्या तीन सीझनची सगळी लग्नं असलेली हार्डडिस्क त्यानं लॅपटॉपला जोडून ठेवली होती.

सिस्टीम सुरू झाली. सगळं जागच्या जागी दिसत होतं, फक्त कोपऱ्यात एक नवीन खूण आली होती: 'माणसं'. रामहरीनं ती दाबली आणि पडदा गोल गोल चेहऱ्यांनी भरून गेला. नवऱ्या, करवल्या, भटजी, आचारी, लहान पोरं. पहिल्या लग्नात कडेवर असलेलं पोर तिसऱ्या लग्नात चड्डी सांभाळत पळत होतं, तरी सिस्टीमनं ते एकाच गोलात ठेवलं होतं. वारलेली माणसं जिवंतांच्या रांगेत होती. मग मला मी दिसले. नवरीच्या मागच्या आरशात लाईट धरून उभी, पंगतीत कुठंतरी, जिन्यावर बसून भाकरी खाताना. हे फोटो मीच हाताळले होते आणि त्यात मी आहे हे मला कधी दिसलं नव्हतं. मला ते बिलकुल आवडलं नाही.

"भारी हाय की नाय?" रामहरी म्हणाला आणि टपरीवर चहा प्यायला गेला.

मी एकटीच बसून गोल उघडत होते. प्रतीक्षाचा गोल आला. प्रतीक्षा म्हणजे उमाशंकरची धाकटी बहीण. बी.ए. झाली, घरी खव्याची भट्टी, पण पोरीनं स्वतःच्या हातानं मेंदीचं काम उभं केलं. निम्म्या तालुक्याच्या नवरींना तीच मेंदी काढते. माझ्याकडं व्हिडिओ कापायला शिकायला यायची, माझाच डबा खायची आणि माझ्याच भाजीला नावं ठेवायची. तिच्या गोलाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'बहुतेकदा सोबत'. त्यापुढं एक चेहरा होता. मला वाटलं आई असेल, बहीण असेल. पण ते वरातीत वाजवणाऱ्या गफारभाईच्या बेंजो पार्टीतलं पोरगं होतं, नंदीश.

मी तो गोल उघडला.

एकेक फोटो सुटा बघितला तर काही नाही. ती मेंदीवाली, तो बेंजोवाला. लग्नात दोघं असणारच. पण सिस्टीमनं तीन सीझनचे फोटो एकाखाली एक लावले होते. ती नवरीचा हात धरून बसलीय आणि मागं दाराच्या चौकटीत तो. पंगतीत तो वाढतोय, तिच्या पानासमोर थांबलाय. वरातीत सगळे नवरदेवाकडं बघतायत, ही एकटी ट्रॉलीवरच्या बेंजोकडं. एका फोटोत तो तारा छेडतोय आणि त्याच्या डाव्या तळहातावर मेंदीचा एवढासा गोल आहे. तो फोटो मी उजळला होता. मला त्यात फक्त नवरदेव दिसला होता.

प्रेमात पडली, चांगलं झालं, असं म्हणून हसायला मला आवडलं असतं. पण मी तिच्या घरच्यांना ओळखते. तिचे चुलते धुळाप्पा भावकीत शब्दाला वजन असलेला माणूस. त्यांच्या थोरल्या घरातली एक मुलगी काही वर्षांपूर्वी अशीच कुणाबरोबर तरी निघून गेली होती. तिला परत आणलं एवढं सगळ्यांना माहीत आहे. नंतर ती विहिरीत पाय घसरून पडली असं सांगितलं गेलं, आणि भूममध्ये त्यावर कुणी पुढचा प्रश्न विचारला नाही. मीही नाही.

आणि धुळाप्पा आजच ऊन कललं की येणार होते, टीव्हीसमोर बसायला.

रामहरी परत आल्यावर मी म्हणाले, "हे मागं घ्या. जुनीच सिस्टीम बरी."

"आता? दादांचा चेहरा मग कसा शोधायचा? अन् मागं जायला बी लई येळ लागतो. मंडळी दारात येतील अन् आपण निळा पडदा दाखवायचा व्हय?"

त्याला खरं सांगावं असं क्षणभर वाटलं. पण याच्या तोंडात तीळ भिजत नाही. खालच्या टपरीवर गेला तरी घरातली भाजी सांगून येतो. तो कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या लावायला आत गेला तेव्हा मी नंदीशचा गोल पुन्हा उघडला आणि त्याच्या बाजूची तीन टिंबं दाबली. तिथं सोय होती: 'ही व्यक्ती दाखवू नका.' मी दाबलं. गोल नाहीसा झाला. प्रतीक्षाचा गोल उघडून बघितला. 'बहुतेकदा सोबत'समोर आता तिची आई होती. मला इतकं हलकं वाटलं की मी त्या यंत्राचे आभार मानले.

मंडळी आली ती दोघंच. धुळाप्पा आणि उमाशंकर. अल्बम निवडायला बाया येत नाहीत असं मी आजवर पाहिलेलं नाही. बायांशिवाय कुणाचा मान कुठं आहे हे कळतच नाही.

"वैनी न्हाय आल्या? प्रतीक्षा?" मी विचारलं.

"डोस्कं दुखायलंय प्रतीक्षाचं. पडलीय घरात," उमाशंकर म्हणाला. त्यानं माझ्याकडं न बघता सांगितलं.

धुळाप्पांनी खव्याचा डबा माझ्या हातात दिला. "पोरास्नी द्या, ताई. सकाळचाच हाय." फार गोड माणूस बोलायला. खुर्चीत मांडी घालून बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली. रामहरीनं लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि दादांचा गोल दाबला.

भिंतभर दादाच दादा झाले. पटका बांधणारे, पंगतीत आग्रह करणारे, कुणाच्यातरी नातवाला मांडीवर घेऊन पेंगणारे. उमाशंकरनं तोंडावर रुमाल धरला. रडत होता तो. त्या वेळी मला त्याची मनापासून दया आली, हे खोटं कशाला बोलू.

"त्यो एक फोटू न्हाय दिसत," थोड्या वेळानं तो म्हणाला. "दादा बेंजोम्होरं नाचायलेत. पटका सुटलाय अन् हसायलेत. त्योच पायजे मला."

"हाय की! म्याच काढलाय," रामहरी म्हणाला आणि शोधू लागला. खाली गेला, वर आला. "कमाल झाली. असा कसा जाईल?"

माझ्या तेव्हा ध्यानात आलं. बेंजोसमोरचा फोटो, म्हणजे मागं ट्रॉली, म्हणजे ट्रॉलीवर नंदीश. मी एक माणूस लपवला होता आणि सिस्टीमनं त्याच्याबरोबरचा प्रत्येक फोटो लपवला होता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

"राहू द्या, मी रात्रीतून शोधून देते," मी म्हणाले. "आधी चहा घ्या सगळे."

पण पडद्याच्या तळाशी ओळ आलीच होती. भल्या मोठ्या टीव्हीवर ती कुणालाही वाचता आली असती: 'एक व्यक्ती लपवलेली असल्यामुळे काही फोटो दिसत नाहीत. दाखवायचे?'

"लपवलेली? म्या तर कुणाला लपवलं न्हाय," रामहरी म्हणाला, आणि मी "थांबा" म्हणेपर्यंत त्यानं 'हो' दाबलं.

टीव्हीवर 'लपवलेली व्यक्ती' असं शीर्षक आलं. त्याखाली एकच गोल, नंदीशचा. त्याखाली 'बहुतेकदा सोबत' आणि प्रतीक्षाचा हसरा चेहरा. मग फोटो येत गेले. दाराची चौकट, पंगत, वरात, आणि मध्येच कुठंतरी दादा, पटका सुटलेले, हसणारे. त्यांच्याकडं कुणी बघितलं नाही.

"खाली घ्या जरा," धुळाप्पा म्हणाले. आवाज तसाच गोड. "हितं थांबा. ह्यो मोठा करा."

तळहातावरचा मेंदीचा गोल टीव्हीवर ताटाएवढा झाला.

"कोण पोरगं म्हनायचं ह्ये?"

"गफारभाईच्या पार्टीतला, नंदीश," रामहरीनं सांगून टाकलं. "लई गोड वाजवतो. तुमच्या लग्नात बी त्योच हुता की, उमाशंकर." बोलता बोलता त्याचा आवाज बारीक झाला. त्यालाही आता दिसायला लागलं होतं.

"अन् लपवलं कुणी?"

दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "मीच. बेंजोवाले, आचारी, वाढपी यांचं अल्बमात काय काम? म्हणून कमी केले."

धुळाप्पांनी टीव्हीकडं बोट केलं. "मंग त्यो आचारी कसा दिसायलाय?"

कोपऱ्यातल्या एका फोटोत आचारी झाऱ्या घेऊन उभा होता, त्याच्या चेहऱ्याभोवती गोल ठळक आखलेला. "चहा टाकते," म्हणून मी कापडी पडद्यामागच्या खोलीत गेले, गॅस पेटवायचं नाटक केलं आणि प्रतीक्षाला फोन लावला. पोरी, उचल. कुठंही जा, पण आत्ता घराबाहेर पड, एवढंच मला सांगायचं होतं.

रिंग बाहेर वाजली. पडद्यापलीकडं, आमच्याच दुकानात.

मी पडदा बाजूला केला. उमाशंकरच्या हातात गुलाबी कव्हरचा फोन होता, प्रतीक्षाचा. त्यानं तो माझ्याकडं करून दाखवला. "ताई, तुमचाच फोन हाय."

"काय काम हुतं प्रतीक्षाकडं?" धुळाप्पांनी विचारलं.

"भाचीचा साखरपुडा आहे. मेंदीचं विचारायचं होतं."

"आता ती मेंदी काढायची न्हाय," ते म्हणाले. टोपी झटकून डोक्यावर ठेवली, उठले, स्वतःचा मोबाईल काढून टीव्हीवरच्या नंदीशचा फोटो घेतला. हलला म्हणून पुन्हा घेतला. मग दोघं जिना उतरून गेले.

तेव्हा सगळं माझ्या डोक्यात जुळलं. कुणीतरी आहे हे त्यांना आधीच कळलं होतं. पोरीला घरात कोंडलं होतं, फोन काढून घेतला होता, पण फोनमध्ये काय सापडणार? मेंदीवालीकडं बेंजोवाल्याचा नंबर असायचाच, धंद्यातलाच नंबर तो. दादांच्या फोटोच्या निमित्तानं ते चेहरा शोधायला आले होते की खरंच दादांसाठी आले होते, ते मला सांगता येणार नाही. उमाशंकरचं रडणं खोटं नव्हतं. पण आज त्या नंबरला चेहरा मिळाला, आणि मी तो लपवला नसता तर कदाचित नजरेखालून निघूनही गेला असता.

"आता?" रामहरी म्हणाला.

"पोलिसांना फोन करायचा."

"अगं येडी का काय? गिऱ्हाईक हाय त्ये. सगळी भावकी उद्या दुसऱ्या स्टुडिओत जाईल. अन् काय सांगणार? फोटू बघितले म्हनून? त्यांच्या घरातलं त्ये बघतील."

"मागच्या वेळी पण सगळ्यांनी हेच म्हटलं," मी ओरडले. "विहीर काय अशीच पाय घसरवते का?"

तो खाली बसला. मी गफारभाईंना फोन लावला. त्यांची बेंजो पार्टी बाजारातच, मशिदीच्या मागं.

"नंदीश का?" गफारभाई म्हणाले. "त्यो तर आत्ताच गेला बा. मोबाईलवर मेसेज आला, वाचला अन् लई खूश झाला. म्हनला, चाचा, ती म्हणतेय लगेच ये. गाडी काढली अन् सुटला. काय झालं भाभी?"

"त्याला फोन करा. परत बोलवा त्याला."

"केला असता, पन गाडीवर त्यो उचलत न्हाय कदी. कुठं गेला त्ये बी बोलला न्हाय."

गुलाबी कव्हरचा फोन जिन्यावरून खाली गेला होता, मी डोळ्यांनी बघितलं होतं. पोलिसांच्या एकशेबारा नंबरचे तीन आकडे मी दोनदा चुकवले. शेवटी लागला. पलीकडं एक बाई होती, शांत आवाजाची.

"बोला. काय घडलंय?"

मी सांगायला लागले. पोरगी घरात कोंडलेली आहे, फोन भावाकडं आहे, त्याच फोनवरून पोराला बोलावून घेतलंय. बाईनं मला मध्येच थांबवलं. "मारहाण झाली का? तुमच्यासमोर काही घडलंय का?"

"नाही."

"मग घडलंय काय, ते नीट सांगा."

"अजून काहीच घडलेलं नाही बाई," मी म्हणाले, "म्हणून तर फोन केलाय."

मग ती म्हणाली, "गाडी कुठली आहे त्यांची?"

मी लॅपटॉप ओढला. उमाशंकरच्या लग्नात सजवलेल्या त्यांच्याच जीपचा फोटो काढला, झेंडूच्या माळांमागची पाटी दिसेपर्यंत मोठा केला आणि नंबर वाचून दाखवला. त्यांच्या वस्तीचा रस्ता सांगितला, खव्याची भट्टी सांगितली, विहीर कुठल्या अंगाला आहे तेही सांगितलं. ती लिहून घेत होती, मला टकटक ऐकू येत होती.

"तुमचं नाव? सांगायचं नसेल तर नका सांगू, पण नाव असलं की गाडी लवकर हलते."

रामहरीनं माझ्यासमोर दोन्ही हात जोडले. तो मान हलवत होता, नको, नको. त्याचं चुकत नव्हतं. याच गावात आम्हाला राहायचं होतं, याच जिन्यावरून धुळाप्पा पुन्हा चढून येणार होते.

"वर्षाराणी," मी म्हणाले. "भूम, एसटी स्टँडसमोर, फोटो स्टुडिओ. लिहा, आणि लवकर पाठवा."